वास नसलेली सकाळ

दौंडकडून भीमा ओलांडून शिरूरच्या बाजूला निघालं, की उसाच्या रानांमध्ये अचानक एक उघडा माळ लागतो. त्या माळावर विमान चालवायला शिकवणारी एक खासगी शाळा आहे. रस्त्याकडेच्या फलकावर निळं आकाश आहे, पांढरं विमान आहे आणि टोपी घातलेली एक हसरी मुलगी. फलकाच्या मागे, धावपट्टी संपते तिथून पुढे थोड्याच अंतरावर, दगडाची जुनी खाण आहे. त्या खाणीत आजूबाजूच्या पोल्ट्र्यांमधल्या मेलेल्या कोंबड्या टाकतात. उन्हात फुगलेल्या, पिसं गळालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. रस्त्याने जाणारे नाकाला रुमाल लावतात आणि फाट्यावरच्या ढाब्यावर पोचले की रुमाल खिशात ठेवून चिकन थाळी मागवतात.

नीलम टकले या शाळेच्या टॉवरमध्ये बसायची. टॉवर म्हणजे लोखंडी पायांवर उभी केलेली, चहूबाजूंनी काचा लावलेली एक खोली. वारा कुठून आहे, धावपट्टीवर कुत्रं-ढोर काही आलंय का, वर दुसरं विमान आहे का, पक्षी आहेत का, हे बघायचं आणि रेडिओवर शिकाऊ वैमानिकाला सांगायचं, हे तिचं काम. ती ‘थांबा’ म्हणाली की विमान थांबायचं. मोठ्या विमानतळावरचे नियंत्रक हेच करतात, फक्त त्यांच्यापुढे पडदे असतात आणि हिच्यापुढे काच होती. त्या पडद्यांपुढे बसायचं म्हणून तिने शिरूरच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन पदवी केली, परीक्षाही दिली. पहिल्यांदा थोडक्यात हुकली, दुसऱ्यांदा बरीच हुकली, आणि मग हा माळ मिळाला.

तिचे वडील, ज्योतिबा टकले, आयुष्यभर मेंढरांमागे फिरले. नीलम शाळेत जायला लागली तेव्हा त्यांनी कळप विकला आणि पाबळच्या वरच्या अंगाला तुकडाभर जमीन कसायला घेतली. पण त्यांच्या गप्पा कळपाच्याच राहिल्या. लांडगा येण्याआधी त्याचा वास येतो, त्या वासाने आपण झोपेतून उठून बसायचो, हे त्यांनी नीलमला इतक्यांदा सांगितलं होतं, की टकल्यांच्या घरात नाक हे डोळ्यांच्या वरचं इंद्रिय आहे असं तिला लहानपणापासून वाटत आलं.

तीन वर्षांपूर्वी एक घार उतरत्या विमानावर आदळली. शिकवणारे कॅप्टन बरोबर होते म्हणून विमान नीट खाली आलं. पुढच्या काचेतून मात्र काही दिसत नव्हतं. झाडलोट करणारा माणूस म्हणाला, “आपन हात नाय लावनार,” आणि गेला. विमान दुपारच्या तुकडीला हवं होतं. नीलम बादली आणि फडकं घेऊन चढली. काचेवर रक्त होतं, रक्तात पिसं होती, आणि फुटलेल्या पोटातून बाहेर आलेलं, घारीने नुकतंच खाल्लेलं कोंबडीचं कुजकं मांस होतं. म्हणजे मेलेल्या पक्ष्याच्या आत मेलेला पक्षी. फडकं पिळताना ते तिच्या नखांमध्ये गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस जेवताना घास तोंडाशी आला की ती ताट सरकवायची. हात धुऊन धुऊन कातडी सोलली, तरी तो वास बोटांना होताच, किंवा तिला तसं वाटायचं.

त्या दिवशी घार आदळण्याआधी खाणीकडून वारा आला होता आणि टॉवरमध्ये घाण भरली होती. हे तिच्या मनात पक्कं बसलं. त्यानंतर वास आला की ती विमान थांबवायची. कधी थांबवल्यावर खरंच घारी वर यायच्या, खाणीकाठच्या बाभळीवरून उठून गोल फिरायच्या, आणि खाली उभे असलेले कॅप्टन तिच्याकडे बघून हात जोडायचे. “नीलम, तुझ्या नाकाचा विमा उतरव,” असं म्हणायचे. सकाळी विमानं काढण्याआधी खालून हाक यायची, “काय म्हणतंय नाक?” कधी ती थांबवायची आणि घार काय, चिमणीही यायची नाही. ते कुणी लक्षात ठेवलं नाही. तिनेही नाही. बरोबर ठरलेल्या सकाळी तिच्या मनात एकावर एक साठत गेल्या आणि चुकलेल्या गळून गेल्या. हळूहळू काचेतून बघायच्या आधी ती खिडकी किलकिली करून श्वास घ्यायला लागली. मग श्वास घेतल्यावर बघणं हे नुसतं उरकण्यापुरतं राहिलं.

ती खाण ज्याच्या मालकीची, तो सर्जेराव. माजी सरपंच, दोन सहकारी संस्थांवर संचालक, आणि विमानशाळेला जाणारा रस्ता ज्याच्या रानातून जातो तो माणूस. रस्त्यामुळे शाळेचे मालक विश्वजीत सर त्याला काही बोलत नसत. एकदा नीलम स्वतःच त्याच्या बंगल्यावर गेली. ओट्यावर चारपाच जण बसले होते.

“आप्पा, मेलेल्या कोंबड्या खोल खड्डा करून, चुना टाकून पुरायच्या असतात. उघड्यावर टाकल्या की घारी येतात. वर पोरं शिकतायत.”

“पुरतोय की!” सर्जेराव हसला. “देवानं खड्डा आधीच करून ठेवलाय, आमी निस्तं टाकतोय. का घाटावर न्यायच्या एकेकीला? तेराव्याला तू येशील का जेवायला?”

ओटा हसला.

“वास येतो, आप्पा.”

“वास?” त्याने पानाची पिंक बाजूला टाकली. “टकल्यांच्या पोरीला कवापासनं वासाचं एवढं कौतुक? तुझ्या आबाची मेंढरं महिना महिना आमच्या रानात बसायची, तवा आमी न्हाई नाक धरलं.”

“मेंढरं जिती होती, आप्पा.”

ओट्यावरचे सर्जेरावकडे बघायला लागले. मग सर्जेरावच मोठ्याने हसला आणि आतल्या बाईला म्हणाला, “अगं, हिला रस्सा दे वाटीभर. रिकामी नगं पाठवू.” वाटी आली. वरच्या तर्रीत एक पाय तरंगत होता, बोटं आकसलेला. नीलमने वाटी खाली ठेवली आणि निघाली. घरी जाईपर्यंत तिची किळस गेली नाही. वाटीची तेवढी नव्हती. ती निघताना त्याने पाठीवर ठेवलेल्या हाताची जास्त होती.

मग एका पाहणीची तारीख आली. शाळेच्या परवान्यासाठी वरून अधिकारी येणार होते. आदल्या दोन दिवसांत फलक धुतला गेला, टॉवरच्या काचा पुसल्या गेल्या आणि खाणीवर सर्जेरावचा जेसीबी उतरला. शेजारची माती खरवडून त्याने खाणीत लोटायला सुरुवात केली.

पाहणीच्या आदल्या दिवशीची सकाळ. नीलमने टॉवरची खिडकी उघडली आणि श्वास घेतला. वास नव्हता. ताज्या मातीचा वास होता, उसाला पाणी दिल्याचा होता, खालच्या चहाचा होता. कितीतरी महिन्यांनी हवा नुसती हवा होती. ती तिथेच उभी राहून खोल श्वास घेत राहिली, आजारातून उठलेलं माणूस घेतं तशी. खालून हाक आली, “काय म्हणतंय नाक?” ती हसून म्हणाली, “आज सुट्टीवर हाय!”

त्या वेळी धावपट्टीच्या टोकाला प्रगती ढमढेरे विमानात एकटी बसली होती. तळेगाव ढमढेरेची मुलगी, वडील भाजी पिकवून बाजाराला नेणारे. अंगाने बारीक, आवाजाने ठाम. एकटीने उडायला लागून तिला फार दिवस झाले नव्हते. रेडिओवर तिने विचारलं. नीलम म्हणाली, “रनवे क्लिअर. पक्षी नाहीत.” आणि चहाचा कप उचलला.

विमान उचललं गेल्याचा आवाज तिने ऐकला. मग आवाज तुटला. तिने वर बघितलं तेव्हा जेसीबीच्या धुळीपलीकडे विमान एका पंखावर कलत खाली जात होतं. उसाच्या फडात ते शिरलं तेव्हा आवाज अगदीच लहान झाला, कुणी वाळलेला पाचोळा तुडवावा तेवढा.

प्रगती वाचली. गळ्याजवळचं हाड मोडलं, कपाळाला टाके पडले. नीलम तिच्याबरोबर गाडीत बसून दौंडच्या दवाखान्यात गेली आणि संध्याकाळपर्यंत तिथे थांबली. परत आली तेव्हा विमान फडातून ओढून आणून, पाइप लावून धुऊन, ताडपत्रीखाली झाकलेलं होतं. विश्वजीत सर तिथेच होते.

“चिखल फार होता,” ते म्हणाले. “नीलम, आता पाहणीऐवजी चौकशी होणार. तू घाबरू नकोस. तुझं काहीच चुकलेलं नाही. तू पक्षी नाहीत म्हणालीस, पक्षी नव्हतेच. मुलीने विमानाचं तोंड नको इतकं वर घेतलं, वेग गेला, विमान पडलं. नवीन मुलांचं होतं असं. तुला फक्त जे बोललीस तेच पुन्हा सांगायचंय.”

त्यांनी काही खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. तेच तिला खुपलं.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. प्रगतीची आई धुरपदाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून मोसंबी सोलत होती. प्रगतीचा चेहरा सुजला होता.

“ताई, सर येऊन गेले. म्हणाले, मी तोंड जास्त वर घेतलं. चौकशीला तसं सांगितलं, चूक कबूल केली, तर पुन्हा घेतील म्हणे शिकायला.”

नीलमला माहीत होतं, पुन्हा घेत नाहीत. मागच्या वर्षी एका मुलाने अशीच चूक कबूल केली, तो आता रांजणगावला कंपनीत पाळीवर जातो. कबुली एकदा नावावर चढली की दुसरी कुठलीही शाळा दारात उभी करत नाही. प्रगतीचं उडणं या कबुलीवर संपणार होतं आणि तिला ते कळत नव्हतं.

“तुला काय आठवतंय?” नीलमने विचारलं.

“काल आठवत होतं.” प्रगतीने डोळे मिटले. “पांढरं काहीतरी आलं समोर. एकदम पुष्कळ. आणि धाडकन… पण सर म्हणाले, पडताना मेंदू काहीही दाखवतो. दोनदा-तीनदा त्यांनी सगळं समजावून सांगितलं. आता मला आठवतं ना, तेव्हा माझा हात दिसतो. दांडा ओढताना. जास्तच ओढताना.” ती थांबली. “ताई, पक्षी नव्हते ना? तुम्ही बघत होता.”

नीलमने मनात बघितलं. खाणीवरचं आकाश तिला लख्ख दिसलं. निळं, कोरडं, रिकामं.

“नव्हते,” ती म्हणाली.

“मग माझंच चुकलं,” प्रगती म्हणाली, आणि आईने दिलेली फोड तिने तोंडात घेतली नाही.

“हिला सांगा की वो, सोड म्हणावं ते इमान,” धुरपदाबाई म्हणाली. “आमच्यात कोन उडलंय?”

संध्याकाळी नीलम घरी आली तेव्हा आबा अंगणात बाजेवर बसून तंबाखू मळत होते. तिला काहीतरी हवं होतं, आधार म्हणता येईल असं. ती म्हणाली, “आबा, तुम्ही लांडगा वासावरनं ओळखायचात. कधी फसलात का?”

आबांनी तिच्याकडे बघितलं. “कोन, मी?”

“तुम्हीच सांगायचात ना. वास आला की उठून बसायचो म्हणून.”

“अगं, मी कसला वळखतोय!” आबा हसायला लागले. “कुत्रं उठायचं. कुत्रं उठलं की मी उठायचो. उठल्यावर वाटायचं, व्हय, वास येतोय. दुसऱ्या दिशी कुनी इचारलं की सांगायचो, वासानं जाग आली. सांगून सांगून मला बी खरंच वाटाया लागलं.” तंबाखू तोंडात टाकून ते म्हणाले, “आन् एकदा कुत्रं न्हाई उठलं. तवा चार मेंढरं फाडली. त्या राती कसलाच वास न्हाई आला. ही गोष्ट कोन कशाला सांगंल?”

नीलमच्या अंगावर शहारा आला. थंडीचा नव्हे. स्वतःच्या तोंडात काही चावलं गेलंय आणि ते काय आहे हे नंतर कळावं, तसा.

सकाळी कामावर जायच्या आधी ती खाणीवर गेली. जेसीबी काम संपवून गेला होता. खाण अर्धीमुर्धी भरली होती आणि काठावर बगळे होते. मेंढरांसारखे दाटीने, पांढरे. उकरलेल्या ओल्या मातीत अळ्या वळवळत होत्या, कोंबड्यांवर पोसलेल्या, जाड, भाताच्या शितासारख्या. बगळे त्या टिपत होते, चोच झटकत होते, पुन्हा टिपत होते. मातीने वास दाबला होता. अळ्या मात्र वर आणल्या होत्या, आणि अळ्यांनी पक्षी. तिच्या पायाने ढेकूळ हललं आणि सगळे बगळे एकदम उठले. डोळ्यांसमोर क्षणभर दुसरं काही राहिलं नाही.

तरीही तिचं मन म्हणत होतं, आज आहेत, त्या दिवशी नव्हते. तिने पुन्हा ते आकाश आठवलं. निळं, रिकामं, आणि डाव्या हाताला बाभूळ, घारी बसतात ती, फांद्या पसरून उभी.

समोर बाभूळ नव्हती. बुंधा होता. जेसीबीला वळायला जागा व्हावी म्हणून ती तोडली होती. कापलेल्या जागेवर डिंक येऊन सुकला होता, त्यात मुंग्या अडकल्या होत्या. शेजारच्या रानात एक बाई गवत कापत होती. नीलमने विचारलं, “मावशी, ही बाभूळ कधी तोडली?”

“इमान पडायच्या आदल्या दिशी, सांजच्याला. सरपन आमीच नेलं की.”

म्हणजे जे आकाश ती दोन दिवस बघत होती ते त्या सकाळचं नव्हतं. आधीच्या शेकडो सकाळींमधून मनाने एक स्वच्छ सकाळ निवडून त्या जागी ठेवली होती. तिने त्या दिवशी वर बघितलंच नव्हतं. वास नाही, म्हणजे पक्षी नाहीत, एवढंच झालं होतं, आणि उरलेलं चित्र नंतर भरलं गेलं होतं. ती बुंध्याशी वाकली आणि ओकली. पोटात चहाशिवाय काही नव्हतं. दोन बगळे जवळ येऊन बघून गेले.

त्याच दिवशी चौकशीला आलेले अधिकारी पन्नाशीचे, बारीक मिशीचे गृहस्थ होते. सकाळ त्यांनी धावपट्टी फिरण्यात घालवली. दुपारी सर्जेरावकडून जेवण आलं. गावरान कोंबडी, रस्सा, बाजरीची भाकरी. विमानाच्या शेडमध्ये टेबल मांडलं. ताडपत्रीखालचं विमान मागे उभं होतं आणि पुढे सर्जेराव स्वतः वाढत होता. “घ्या सायेब, नळी घ्या. पुन्याला आसली मिळायची न्हाई.” अधिकाऱ्यांनी नळी घेतली, टेबलावर आपटली, ओढून खाल्ली. शेडमध्ये थोडा वेळ तोच आवाज होता. विश्वजीत सरांच्या हनुवटीला तेल लागलं होतं आणि कुणी त्यांना ते सांगत नव्हतं. नीलम पुढ्यातल्या ताटाला हात न लावता बसली होती.

“खा की गं,” सर्जेराव म्हणाला. “का वास येतोय?”

हात धुऊन अधिकाऱ्यांनी दात कोरत विचारलं, “मॅडम, तुम्ही रेडिओवर ‘पक्षी नाहीत’ असं सांगितलंत. बरोबर?”

“हो.”

“झालं तर मग,” विश्वजीत सर म्हणाले.

“पण मी बघितलं नव्हतं.”

काडी अधिकाऱ्यांच्या दातात थांबली. “म्हणजे? मग कशावरून सांगितलंत?”

“वास नव्हता म्हणून.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. विश्वजीत सर पुढे झाले. “सर, मॅडमना धक्का बसलाय. त्या मुलीबरोबर दवाखान्यात त्याच होत्या—”

“मी बरी आहे,” नीलम म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच कोरडा वाटला. “खाणीतल्या मेलेल्या कोंबड्यांचा वास आला की घारी येतात. तीन वर्षं मी वासावर विमानं थांबवली. त्या दिवशी वास नव्हता, म्हणून मी वर बघितलंच नाही. आज सकाळपर्यंत मला वाटत होतं बघितलं. आकाश अजून दिसतं मला. पण त्या आकाशात खाणीवरची बाभूळ उभी आहे, आणि बाभूळ आदल्या संध्याकाळी तोडलीय. त्यामुळे माझ्या ‘पक्षी नाहीत’वर काही ठरवू नका. ते मुलीच्या विरुद्ध वापरू नका. ते काही बघून बोललेलं नाही.”

“कसली खाण?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“जुनी हाय, बुजवली,” सर्जेराव म्हणाला. “सायेब, ही पोरगी आधीपासनंच जरा… बाप बी तसाच. मेंढरांत राहून—”

“तुम्ही थांबा,” अधिकारी म्हणाले. कोंबडी पोटात असलेला माणूस इतक्या रुक्षपणे बोलू शकतो, याचं नीलमला त्याही क्षणी नवल वाटलं. ते विमानाकडे वळले. “हे बाहेरून धुतलंय. इंजिन उघडलंय का?”

मेकॅनिकने मालकाकडे बघितलं, मग अधिकाऱ्यांकडे, आणि पान्हा घेतला.

पुढचं झाकण निघालं आणि वास बाहेर आला. दोन दिवस पत्र्याच्या आत, उन्हात कुजलेला. शेडमधले सगळे मागे सरले. सर्जेरावने उपरणं नाकाला लावलं. हवा आत घेणाऱ्या फटीत, इंजिनच्या पात्यांमध्ये, काळपट मांसाचा लगदा अडकला होता आणि त्यात पांढरी पिसं होती. एक पाय सबंध राहिला होता, लांब, बारीक. मेकॅनिकने तो चिमट्याने ओढला, तेव्हा त्याच्याबरोबर एक अळी आली आणि जेवणाच्या टेबलाजवळ पडली. अधिकाऱ्यांनी रुमाल काढला, तोंड पुसलं आणि रुमाल तिथेच धरून ठेवला. नीलमने नाक झाकलं नाही. ती बघत होती, जितकं बघता येईल तितकं.

टॉवरची किल्ली तिने त्याच संध्याकाळी दिली. विश्वजीत सरांनी ती टेबलावर ठेवायला सांगितली, हातात घेतली नाही. “तू स्वतःचंही वाटोळं केलंस,” ते म्हणाले. ते खरं होतं. ज्या खोलीत बसायचं म्हणून तिने परीक्षा दिल्या होत्या, त्या जातीच्या कुठल्याही खोलीत आता तिला कुणी बसवणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी दौंडला प्रगतीचा जबाब घ्यायला गेले. नीलम त्यांच्या आधी पोचली होती. तिला वाटलं होतं, हे आपणच सांगावं. तिने सांगितलं. बगळे होते, इंजिनमध्ये सापडले, तू काही जास्त ओढलं नाहीस.

प्रगतीने तिच्याकडे बघितलं. सूज उतरली होती, त्यामुळे चेहऱ्यावरचं सगळं दिसत होतं.

“मग परवा तुम्ही ‘नव्हते’ असं का म्हणालात?”

“मला तसं आठवत होतं.”

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशी मी बघितलं नाही.”

“मी विचारलं तेव्हा तुम्ही बघितलं नाही.” प्रगतीने ते सावकाश, एकेक शब्द तपासल्यासारखं म्हटलं. “मी तुमच्या भरवशावर गेले. आणि मी दोन दिवस रात्रभर माझाच हात बघत होते.” तिने मान भिंतीकडे वळवली. “तुम्ही बाहेर जा, ताई. मला तुमच्याकडे बघवत नाही.”

धुरपदाबाईने उठून नीलमला दारापर्यंत सोडलं.

अधिकारी आत गेले. दार पुरतं लागत नव्हतं. नीलम बाहेरच्या बाकावर बसली. फरशीवर फिनेलचं पाणी वाळत होतं. आतून आधी नुसती कुजबुज आली, मग प्रगतीचा आवाज मोठा झाला, रेडिओवर असायचा तसा ठाम.

“चाकं जमिनीवरून सुटली, वेग बरोबर होता. मग डाव्या बाजूने पांढरे पक्षी उठले. खूप. मी तोंड खाली दाबलं, वर नाही. धडक बसली, इंजिन खडखडलं, जळालेल्या पिसांचा वास आला. सगळं आठवतंय मला. मी ऊस बघून तिकडे वळवलं. ते मुद्दाम वळवलं, तसंच लिहा.”

“बरं. आणखी काही?”

“हो. टॉवरमधल्या बाईंनी वर बघितलं नव्हतं. हे पण लिहा.”

बाकावर नीलमने मान हलवली, जणू प्रश्न तिलाच विचारला होता.